झांकीतलं हॉटेल

अहो,

'प्रिय' लिहायला घेतलं आणि हात थांबला. आख्ख्या संसारात तुम्हाला कधी प्रिय म्हटलं नाही, आता म्हटलं तर तिथे बसून हसाल. त्यापेक्षा आपलं 'अहो'च बरं. त्याला तुम्ही निदान तिसऱ्या हाकेला तरी ओ द्यायचात.

लिहायचं कारण असं, की माझा फोटो पेपरात आलाय. खरंच! आतल्या पानावर आहे, पण रंगीत आहे. अंगावर शाल, हातात नारळ, आणि माझ्या पायाशी वाकलेले शेठजी. तेच शेठजी, ज्यांनी तुमच्या त्या गणपतीच्या मिरवणुकीतल्या शेवटच्या झांकीचा सगळा खर्च केला होता. विनय फोनवर म्हणाला, "आई, फोटो एकदम मस्त आलाय, ऑफिसात सगळ्यांना दाखवला." चाळीत मात्र कुणी काही बोललं नाही. आपल्या चाळीत कुणाच्या आमटीची फोडणी करपली तरी चार दिवस पुरते, आणि माझ्या फोटोबद्दल एक शब्द नाही! पेपर मात्र घरोघरी वाचला गेलाय, ते मला ठाऊक आहे.

म्हणून तुम्हाला लिहितेय. मी काय केलं ते कुणाला तरी सांगायला हवं, आणि इथे ऐकून घेणारं कुणी उरलेलं नाही.

पहिल्यापासून सांगते. अर्धं तुम्हाला माहीतच आहे. पण तुमचा एक कान कायम मिलच्या मोटारीच्या आवाजाकडे असायचा, त्यामुळे बायकोचं किती पोचलं आणि किती नाही, देव जाणे.

साइडिंग आठवते ना? काय विचारतेय मी! तुमचं आयुष्य तिथे गेलं. मोठ्या लाइनीतून फुटून मिलच्या फाटकात शिरणारा तो आपला रूळ. रुईच्या गाठी घेऊन डबे आत यायचे, कापडाच्या गाठी घेऊन बाहेर जायचे, आणि त्या रुळाच्या कडेला आपली खोल्यांची ओळ. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्या रात्री डबे आदळायचे आवाज ऐकून मी घाबरले होते. तुम्ही म्हणालात, "सवय होईल." सवय झाली, आणि मग एक दिवस मिलच बंद पडली. डबे यायचे थांबले तेव्हा त्या शांततेने मला कितीतरी दिवस झोप लागली नाही. तुम्ही मात्र घोरत होतात.

पुढे रुळांत गवत आलं, बकऱ्या आल्या. मी तापलेल्या रुळांवर जुनी साडी पसरून कुरडया वाळवायला लागले. मिलवाले म्हणायचे, जमीन रेल्वेची. रेल्वेवाले म्हणायचे, मिलची. दोघं भांडत होते तोवर आपल्याला कुणी 'उठा' म्हणालं नाही. आता दोघांचं एकमत झालंय आणि जमीन तिसऱ्याचीच निघाली आहे.

तर झांकी.

मिल बंद झाली त्या वर्षी सगळे म्हणाले, आता अनंत चतुर्दशीला आपली झांकी, तो गाडीवरचा हलता देखावा, निघायची नाही. दुसऱ्या मिलांच्या निघतील आणि आपण फुटपाथवर उभं राहून बघायचं. तुम्ही जेवता जेवता म्हणालात, "मिल बंद पडली ते मालकाचं काम. झांकी बंद पडली तर ते आपलं." आणि उठलात. घरात डाळीचा डबा वाजत होता आणि तुम्ही लोक पावतीपुस्तकं घेऊन दुकानोदुकानी फिरत होतात! मला राग यायचा. आज सांगते, अभिमानही वाटायचा, पण तेव्हा रागच दाखवणं सोयीचं होतं.

दोन-तीन वर्षं तशीच काढलीत. जुनीच चित्रं नवा रंग देऊन, जुनाच राक्षस नव्या मिशा लावून. लोक ओळखायचे आणि तरी टाळ्या वाजवायचे. मग एका श्रावणात शेठजींची पांढरी गाडी साइडिंगवर आली. तेव्हा ते आपल्याला कोण माहीत होते? बांधकामवाले, एवढंच. तुम्ही झांकी बांधायचात त्या शेडमध्ये एका खोक्यावर बसले, आपल्या पितळी पेल्यातून चहा प्याले आणि म्हणाले, "मिस्त्रीजी, इस बार पूरा खर्चा हमारा। बस, झांकी हमारे मन की।"

त्यांच्या मनातली झांकी म्हणजे कागदाची एक लांबलचक गुंडाळी होती. ती तुम्ही घरी आणून जमिनीवर पसरलीत, चार कोपऱ्यांना माझे चार डबे ठेवलेत. मालगोदामापासून आपल्या साइडिंगपर्यंतची सगळी जागा त्यात होती. एका बाजूला उंच हॉटेल, मधे काचेची ऑफिसं, आणि पुढे मोठी मोकळी जागा, बाक, कारंजं, गोल गोल झाडं. मी विचारलं, "आपली खोली कुठाय यात?" तुम्ही बोट फिरवलंत. आपली ओळ असायला हवी तिथे गोल झाडं होती. तुम्ही म्हणालात, "बाग दाखवलीय. बागेच्या कडेला माणसं राहतातच की."

हे तुम्हाला खरंच वाटलं होतं का हो? हा प्रश्न मी इतक्या वेळा विचारलाय मनातल्या मनात, की आता तुमचा आवाजसुद्धा आठवेनासा झालाय, फक्त ते वाक्य राहिलंय.

पण काय झांकी केलीत तुम्ही! कुणी काही म्हणो, तशी झांकी पुन्हा झाली नाही. मागातून काढलेली मोटार, सायकलच्या चेन, रिक्षाचा गिअर. हॉटेलची लिफ्ट खरोखर वरखाली जायची आणि प्रत्येक मजल्यावर क्षणभर थांबायची. कारंज्याला आपल्या कूलरचा पंप काढून लावलात आणि मला म्हणालात, भादव्यात कूलर कशाला लागतो? नंतरच्या उन्हाळ्यात तो पंप चालला नाही आणि आपण ओले पंचे पांघरून झोपलो, ते मी विसरलेले नाही! ऑफिसच्या खिडक्यांत बाहुल्या बसवल्यात, त्या नुसत्या मान हलवायच्या. मी म्हटलं, "हे लोक काम काय करतात?" तुम्ही म्हणालात, "अगं, ऑफिसात हेच काम असतं." तेव्हा विनय नुकताच कॉम्प्युटरच्या क्लासला जायला लागला होता. तो रुसला होता.

आणि ती माणसं! मिलच्या फाटकाला कुलूप, घरी बायकांची तोंडं सुकलेली, आणि हे सगळे तुमच्या शेडमध्ये दिवस-दिवस खिळे ठोकत, गाणी म्हणत. मांगीलालजी, आपल्या गेंदाबाईचे यजमान, आयुष्यभर गाठी वाहून कंबर गेलेली, ते हॉटेलच्या दारात सलाम करणाऱ्या दरवानाला रंग देत होते. तुम्ही गमतीने त्या दरवानाला त्यांच्याच मिशा काढल्यात. ते ओरडले, "लो भिया, मेरी तो नौकरी लग गई!" मग काय, सगळ्यांनी नोकऱ्या वाटून घेतल्या. कुणी म्हणे मैं लिफ्ट चलाऊंगा, कुणी म्हणे बगीचे का माली मैं. हसत होते, पण नुसती थट्टा नव्हती ती. मी चहाचं पातेलं घेऊन उभी होते, मला दिसत होतं. त्यांना खरंच वाटत होतं, की एवढं मोठं हॉटेल उभं राहणार तर त्याच्या दाराशी आपल्यासारखी माणसं लागणारच. मलाही वाटलं. तुमच्यासाठी मी लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याची जागा धरून ठेवली होती, मनात.

ती बागेची रिकामी जागा मात्र तुमच्या डोळ्यांना खटकत राहिली. म्हणून तुम्ही कुणाला न सांगता तिथे आपली चाळ केलीत. खोक्याच्या फळ्यांची, वितीएवढी. दारासमोर खाटा आणि प्रत्येक खोलीत एक छोटा दिवा. मांगीलालजींच्या खोलीबाहेर त्यांची काठीसुद्धा. मी म्हटलं, मी कुठाय? तुम्ही म्हणालात, आत स्वयंपाक करतेयस, दिसणार कशी?

विसर्जनाच्या आदल्या दिवशी शेठजींचा मॅनेजर झांकी बघायला आला. त्याने सगळं पाहिलं, वाहवा केली आणि चाळीशी येऊन थांबला. "मिस्त्रीजी, ये क्या है? नक्शे में तो ये है नहीं।" तुम्ही म्हणालात, "साहेब, आहे ना. ये देखो, पीछे ही तो है।" आणि शेडच्या दारातून खऱ्या चाळीकडे हात केलात. तो म्हणाला, "वो तो है भिया, पर नक्शे में नहीं है।" अगदी गोड आवाजात. माणूस वाईट नव्हता हो, त्याला फक्त नकाशा सांभाळायचा होता.

तुम्ही स्वतःच्या हाताने ती चाळ उचललीत. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाहीत. लाकडाचा भुसा हिरव्या रंगात कालवलात आणि ती जागा भरून टाकलीत. वितीएवढी चाळ गेंदाबाईच्या नातीला खेळायला दिलीत, तिने आठवडाभरात मोडून टाकली. संपलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही बायका दिवेलागणीपासून रस्त्याच्या कडेला जागा धरून बसलो होतो. आपली झांकी वळणावर आली आणि लोक उठून उभेच राहिले. हॉटेल झगमगतंय, लिफ्ट चाललीय, कारंजं उडतंय, कुणाच्या तरी खांद्यावरचं पोर ओरडतंय, "पापा, अपन यहाँ रहेंगे!" गेंदाबाईने माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली. पहिलं बक्षीस आपल्याला मिळालं. तुम्हाला खांद्यावर घेऊन नाचले सगळे. मीही हसत होते. आपलंच घर वगळून काढलेली वरात होती ती, आणि आपणच पुढे नाचत होतो, हे तेव्हा एकाच्याही डोक्यात आलं नाही.

की तुमच्या डोक्यात आलं होतं? पुढच्या वर्षी मोजणीवाले आले, चाळीच्या मागे खुंट्या ठोकल्या. तुम्ही त्यांच्याशी बराच वेळ बोलत उभे होतात. घरात आलात, पाणी प्यालात, म्हणालात, "बाग होणारेय म्हणे." एवढंच. त्यानंतर तुम्ही झांकीच्या कामाला गेला नाहीत. कुणी बोलवायला आलं की गुडघे दुखतात म्हणायचात. गुडघे दुखत नव्हते तुमचे! मला का सांगितलं नाहीत? मी काय भांडले असते? भांडले असते, हो. पण मग दोघं मिळून काळजी तरी केली असती. तुम्ही एकट्याने केलीत आणि एका दुपारी छातीवर हात ठेवून निघून गेलात. बागेचं काम बरीच वर्षं फायलींत अडकून राहिलं आणि लोक म्हणाले, मिस्त्रीजी सुटले. मी काय म्हणाले असेन ते तुम्ही ओळखा.

आता फाइल सुटलीय. दिवाळीनंतर खोल्या रिकाम्या करा, अशी नोटीस आलीय. विनय म्हणतो, "आई, डेव्हलपमेंट तर होणारच ना. तू विजय नगरला ये. फ्लॅटला लिफ्ट आहे, तुझ्यासाठी बाल्कनीची खोली ठेवलीय." चांगला आहे हो आपला मुलगा. सूनही चांगली आहे. माझं कुठे अडलंय? पण गेंदाबाई कुठे जाणार? मांगीलालजी आता अंथरुणावर आहेत. तिचा मुलगा मंडीत हमाली करतो, इथून सायकलवर जाता येतं म्हणून घर चालतं. बाकीच्यांचंही असंच काहीतरी. शहराबाहेर पार त्या टोकाला जागा देऊ म्हणतात, तीही सगळ्यांना नाही.

अशात एक तरतरीत मुलगी माझ्याकडे आली. कंपनीची. बागेच्या भूमिपूजनाला तुमच्या आठवणीसाठी माझा सत्कार करायचाय म्हणाली. "आंटीजी, अंकलजी ने तो सबसे पहले ये सपना देखा था।" मी तिला चहा दिला आणि सरळ नाही म्हणून सांगितलं. तुमचं स्वप्न! तुमचं स्वप्न काय होतं ते मला विचारा. एकदा रामेश्वर आणि गच्चीवर एक स्वतःची खोली, हत्यारांसाठी.

पण संध्याकाळी सगळी चाळ आपल्या दारात. गेंदाबाई म्हणाली, "जाजे मिस्तरण। ना मती केजे। अपना में से कोई ने वठे चढ़वा देगा कई?" म्हणजे जा, नाही म्हणू नकोस, आपल्यापैकी दुसऱ्या कुणाला त्या स्टेजवर चढू देणार आहेत का? खरं होतं. महिनोन् महिने हे लोक अर्ज घेऊन फिरले होते, फाटकाच्या आत कुणी घेतलं नव्हतं. आणि मला गाडी पाठवून बोलावत होते. ठरलं की मी जायचं, आणि माइक हातात आला की एकच मागायचं. घराच्या बदल्यात घर, इथेच, बागेच्या कडेला. गेंदाबाईने मला पाठ करून घेतलं. "रोजे मती। सीधो बोलजे। हाथ मती जोड़जे।" रडायचं नाही, सरळ बोलायचं, हात जोडायचे नाहीत. तिच्या सुनेने मला स्वतःची लग्नातली साडी नेसवली, कारण माझ्या साड्या फार दुबळ्या दिसतात म्हणे.

मंडप साइडिंगवरच होता. रुळांवरून लाल गालिचा टाकला होता, चालताना तळव्याला रूळ लागत होता. आपले लोक मागे दोरीच्या पलीकडे उभे होते. मला पहिल्या रांगेत खुर्ची. म्हटलं, आज बोलायचंच.

आणि मी बोलले हो! ऐका, मी बोलले. सगळ्यांना वाटतंय की मी घाबरले, पण तसं झालं नाही. शाल घातली, नारळ दिला, त्या मुलीने माइक धरला आणि मी न थांबता बोलले. हिंदीत, अधूनमधून मराठी गेलं असेल. म्हटलं, "मेरे घरवाले ने आपका होटल बनाया, बगीचा बनाया। हमारी चाल भी बनाई थी, वो आपके आदमी ने निकलवा दी। तीस घर हैं। हमको दूर मत भेजो। घर के बदले घर दो, यहीं, बगीचे के किनारे।" अगदी असंच. दोरीपलीकडून टाळ्या आल्या. स्टेजवरचे लोक शेठजींकडे बघायला लागले. मला वाटलं, आता ते 'नाही' म्हणतील. 'नाही'ला काय म्हणायचं तेही गेंदाबाईने पढवून ठेवलं होतं.

शेठजी उठले. आता केस पांढरे झालेत त्यांचे. माझ्याजवळ आले, बूट काढले, आणि सगळ्यांसमोर वाकून माझ्या दोन्ही पायांना हात लावला. म्हणाले, "माँजी, आप तो हमारी माँ हैं।"

आणि माझा हात गेला.

काय करू? कुणी पायाशी वाकलं की हात डोक्यावर जातोच. दिवाळीला दूधवाला वाकला तरी जातो. आईने शिकवलं, सासूबाईंनी शिकवलं, वाकलेल्या माणसाला रिकामं उठवायचं नाही. माझा हात त्यांच्या डोक्यावर गेला आणि तोंडातून आलं, "सुखी राहा. यशस्वी व्हा." माइक समोरच होता! सगळ्या मंडपाने ऐकलं. टाळ्यांचा कडकडाट, बँड सुरू, फोटोवाले धावले. मी "अहो पण", "अहो ऐका" म्हणत होते, ते कुठे कुणाला ऐकू जातंय? शेठजींनी हाताला धरून मला खुर्चीपर्यंत आणून बसवलं, स्वतःच्या हाताने पाणी दिलं. घराबद्दल ते हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत.

भांडणाऱ्याशी भांडता येतं. पाया पडणाऱ्याशी कसं भांडायचं, हे मला कुणी शिकवलंच नाही.

पेपरात मोठ्या अक्षरांत छापलंय, झांकी कलाकाराच्या पत्नीने दिला आशीर्वाद. मी जे बोलले त्यातलं एक अक्षर नाही. काल सकाळी उठून एकटीच त्यांच्या तुकोगंजच्या ऑफिसात गेले. म्हटलं, आशीर्वाद माझा आहे ना, मग मागणंही माझंच ऐका. काचेचं दार, गार हवा, सगळी मुलं उठून उभी राहिली. "माँजी, बैठिए।" मऊ सोफा, पाणी, मग सरबत, मग काजूकतली. साहेब मीटिंगमध्ये आहेत. साहेब साइटवर गेलेत. एकानेही आवाज चढवला नाही. शेवटी एक मुलगा मला हात धरून रिक्षापर्यंत सोडायला आला आणि रिक्षावाल्याला म्हणाला, "भिया, माताजी को आराम से ले जाना।" येताना रिक्षात मी रडले. तुम्ही गेलात तेव्हा रडले होते तशी.

विनयला सांगितलं तर तो म्हणाला, "आई, तू तुझं केलंस ना? आता टेन्शन नको घेऊ." सगळे मला टेन्शन घेऊ नको म्हणतात. माझ्याकडून काही घेणारं मात्र कुणी नाही.

चाळीने मला शिव्या दिल्या असत्या तर मी आनंदाने ऐकल्या असत्या, खरं सांगते. गेंदाबाईने माझ्या झिंज्या धरून, काय करून आलीस म्हणून विचारायला हवं होतं, "कई करी ने आई?" विचारलं नाही. मी तिच्या सुनेची साडी धुऊन, घडी करून द्यायला गेले. सुनेने दोन्ही हातांनी घेतली, "बैठो काकीजी" म्हणाली, आणि आत जाऊन माझ्यासाठी खुर्ची आणली. खुर्ची! मी त्या घरात जन्मभर उंबऱ्यावर बसले.

आणि आज सकाळचं. तेवढं सांगायला म्हणून तर हे सगळं लिहीत बसले. नळाला पाणी आलं, मी बादली घेऊन गेले. तुम्हाला आपला नळ माहीत आहे. लग्न होऊन आले त्या आठवड्यात गेंदाबाईशी माझं पहिलं भांडण तिथेच झालं, बादली पुढे सरकवण्यावरून. तेव्हापासून रोज. उन्हाळ्यात तर शेजारच्या गल्लीतले लोक ऐकायला यायचे. "थारी बाल्टी हटा, मिस्तरण!" याशिवाय माझी सकाळ सुरू झालेली नाही. आज मी गेले तर रांग होती. मी मागे बादली ठेवली. गेंदाबाईने वळून बघितलं, स्वतःची अर्धी भरलेली बादली नळाखालून काढली आणि बाजूला झाली. "आप भर लो।" पुढच्या सगळ्या सरकल्या. कुणी तोंडही वाकडं केलं नाही. नळ रिकामा सोडून सगळ्या उभ्या राहिल्या, पाहुण्यासाठी थांबतात तशा. पाणी नुसतंच वाहत होतं.

मी भरली बादली. काय करणार होते? भरली आणि घरी आले आणि तिथपासून ती दारातच ठेवलेली आहे. तिला हात लावावासा वाटत नाही.

दिवाळीनंतर घर जाणार ते जाणारच, हे मला कळून चुकलंय. मी थांबवू शकत नाही. तुम्ही असतात तरी तुम्हीही थांबवू शकला नसतात, उगाच तिथे बसून जिवाला लावून घेऊ नका. पण घर जायच्या आधीच मला या लोकांनी पाहुणी केलंय, हे कसं सोसू ते सांगा. खोली पाडली तर विटा पडतील. गेंदाबाईने वाट करून दिली तेव्हा काय पडलं ते मला सांगता येत नाही.

रामेश्वरला नेईन म्हणालात, नेलं नाहीत. मी धरून बसले नाही. मीही तुम्हाला कधी कसलं वचन दिलं नाही, आज देते. उद्या सकाळी मी रांगेत शेवटी उभी राहणार. पुढे बोलावलं तरी जाणार नाही, नळ रिकामा सोडला तरी जाणार नाही. परवाही नाही. मग कधीतरी गेंदाबाईचा पारा चढेल आणि ती माझ्या बादलीला लाथ मारेल, तोवर मी तिथेच. विनयकडे मी जाईन, जावंच लागेल. पण या चाळीतल्या सगळ्यांचं पाणी भरून झाल्याशिवाय माझी बादली नळाखाली लागणार नाही.

तुमची,
कुसुम